मोजणीचा सूर

मंगळवार, ८ ऑगस्ट १९९५

आज आमच्या मोडेमला न्यूमेआहून मान्यता आली. डब्यावरचं लेबल हिरवं हवं, पिवळट हिरवं चालणार नाही, असं सोबतच्या पत्रात दोनदा लिहिलं आहे. मी पत्र फाईलला लावलं आणि जाऊन हात धुतले. या देशांचे कागद हाताळले की मला हात धुवावेसेच वाटतात.

मोडेम म्हणजे काय, एक डबा. एका यंत्राचं बोलणं टेलिफोनच्या तारेत घालायचं आणि पलीकडच्या टोकाला दुसऱ्या डब्याने ते बाहेर काढायचं. मेलबर्नच्या बेझवॉटर भागातल्या आमच्या शेडमध्ये पंधरा माणसं हे डबे बनवतात. पण प्रत्येक देशाला वाटतं की आपली तार काहीतरी सोवळ्यातली आहे. एक म्हणतो, नंबर लागला नाही तर डब्याने लगेच पुन्हा फिरवायचा नाही, दम खायचा. दुसरा म्हणतो, किती दम खायचा ते आम्ही ठरवू. न्यूझीलंडवाल्यांच्या जुन्या तबकड्यांवर आकडेच उलटे, आपला डबा एक म्हणाला की त्यांच्या एक्स्चेंजला नऊ ऐकू येतं. शेजारी पडले म्हणून कोणी काही बोलत नाही.

आणि फ्रेंचांचा तो मोजणीचा सूर. फोन चालू असताना दर युनिटला एक्स्चेंज तारेवर एक बारीक सूर सोडतं. बोलणाऱ्या माणसाला तो ऐकू येत नाही. तारेला जोडलेल्या मीटरला येतो, आणि मीटर एक आकडा पुढे सरकतं. जर्मनांचाही असाच सूर आहे, पण त्यांनी तो आणखी चढा ठेवलाय, कारण फ्रेंचांसारखं काही करायचं म्हणजे त्यांच्या जिवावर येतं. हा सूर मोडेमच्या कानावर पडला की तो बावचळतो आणि फोन ठेवून देतो. म्हणून तारेच्या तोंडाशी एक छोटी कॉइल आणि एक कपॅसिटर बसवायचा. तो फिल्टर. सूर बाहेरच अडतो. नमुन्याच्या डब्यांत आमच्या शेडमधल्या कारागीर डंकनने तो स्वतःच्या हाताने बसवला होता. न्यूमेआच्या मान्यता कचेरीतल्या मस्यू ब्रिसोनोने सूर सोडसोडून डब्याला छळलं, डबा ढिम्म हलला नाही.

न्यूमेआ ही न्यू कॅलेडोनिया या फ्रेंच बेटाची राजधानी, आणि तिथल्या आरोग्य खात्याला हे डबे हवे आहेत. लांबच्या वस्त्यांवर डॉक्टर नाही, नुसती नर्स. छातीत दुखणारा माणूस आला की त्याचा कार्डिओग्राम डब्यातून न्यूमेआच्या इस्पितळात जाणार, आणि तो बघून तिथला डॉक्टर ठरवणार, विमान पाठवायचं की नाही. काम चांगलं आहे. लेन असता तर खूश झाला असता. ही कंपनी माझ्या नवऱ्याने आणि ग्रॅहम टिपेटने मिळून काढली, लेन गेल्यावर ग्रॅहम मालक झाला आणि मी मान्यतेची बाई झाले. शेडमध्ये मला तेच म्हणतात.

गुरुवार, १० ऑगस्ट

सिंगापूरचा अर्ज. हरकत एवढीच की मी तिसऱ्या प्रतीवर निळ्या शाईने सही केली. निळ्या शाईने. त्यांनी तो अख्खा गठ्ठा परत पाठवला आहे.

मी हे निस्तरत असताना ग्रॅहम आला आणि त्याने माझ्या कागदांवर मोडेमचा एक उघडा सर्किट बोर्ड ठेवला. त्याला काटकसरीचा झटका आला की तो बोटाने एकेक भाग दाखवत फिरतो.

"हा कशाला आहे?"

"तो फिल्टर आहे, ग्रॅहम."

"आपल्याकडे लागतो?"

"नाही."

"न्यूझीलंडला?"

"नाही. फ्रेंचांकडे लागतो."

"सगळ्या फ्रेंचांना?"

"तो सूर मागून घ्यावा लागतो. हॉटेलवाले, कॅफेवाले घेतात, गिऱ्हाइकाला फोनचं बिल लावायला. दवाखान्यात तो कोण कशाला मागेल?"

"म्हणजे नको."

"नकोच की. आता उठ, तू माझ्या सिंगापूरवर बसला आहेस."

तो उठला. सिंगापूरवर चहाचा गोल उमटला होता, मला पहिलं पान पुन्हा टाईप करावं लागलं. या माणसाला एक दिवस मी बशीत चहा वाढणार आहे, मांजराला वाढतात तसा.

शुक्रवार, १ सप्टेंबर

न्यूमेआचे डबे आज रवाना झाले. शेवटचा बोर्ड हातात घेऊन पाहिला, आता चांगला सुटसुटीत दिसतो. ग्रॅहमने काहीबाही कमी केलंय म्हणे. मी त्यात पडत नाही, माझं काम कागदाचं. प्रत्येक डबा मान्य नमुन्याप्रमाणेच बनवला आहे या मजकुराखाली मी सही केली, काळ्या शाईने. हिरवं लेबल हिरवंच आहे, पिवळट नाही.

सोमवार, २५ सप्टेंबर

दिवस नासला. दुपारी परदेशातून फोन. ओदिल गोवे नावाची नर्स, उत्तरेकडच्या किनाऱ्यावरच्या वाईमे नावाच्या वस्तीवर तिचा दवाखाना आहे. इंग्रजी बरं बोलते, पण प्रत्येक वाक्यात मला मादाम म्हणते, त्यामुळे मला आपण दुकानाच्या काचेत उभ्या आहोत असं वाटत राहतं.

"मादाम, तुमचा डबा फोन लावतो. इस्पितळ उचलतं, शिट्ट्या होतात, आलेख जायला लागतो आणि मध्येच सगळं गप्प. पुन्हा लावला की पुन्हा तेच. उचकी लागल्यासारखं."

"वायर नीट बसली आहे का?"

"बसली आहे."

"भिंतीतल्या डबीत शेवटपर्यंत?"

"मादाम, मी माणसाच्या शिरेत सुई बसवते."

हे असं उत्तर. मी तिला पुस्तिकेतलं सातवं पान वाचायला सांगितलं. तिने ते म्हणे वाचलं आहे. मागे इतका कालवा चालला होता की मला माझाच आवाज ऐकू येईना. हे काय आहे म्हणून विचारलं तर म्हणाली, दवाखान्याचा फोन हाच सगळ्या वस्तीचा फोन. बायका न्यूमेआतल्या मुलांशी बोलायला येतात, भिंतीवरच्या मीटरचा आकडा बघतात आणि तेवढी नाणी डब्यात टाकतात. पाद्रीबाबांनीच ती सोय करून घेतली, म्हणजे भांडणं होत नाहीत. मी म्हटलं, बाई, अशा बाजारात नाजूक यंत्र कसं चालेल? सगळ्यांना बाहेर काढा आणि शांतपणे करून बघा.

तिने बरं म्हटलं. शिसारी येते मला या लोकांची. यंत्र द्यायचं, मान्यता मिळवून द्यायची, आणि वर वायर कशी खोचायची तेही आपणच शिकवायचं.

बुधवार, २७ सप्टेंबर

न्यूमेआच्या आरोग्य खात्याचं पत्र. वाईमेची तक्रार आहे, तुमचं काय म्हणणं? मी ताबडतोब कळवलं. डबे मान्य नमुन्याप्रमाणेच आहेत, दोष वापरणाऱ्याच्या हाताळणीत दिसतो, नर्सला शिकवणीची गरज आहे. ग्रॅहमने वाचून पाठ थोपटली. त्याच्या हाताला सॉस लागला होता. माझ्या करड्या स्वेटरवर आता बोटांचे ठसे आहेत.

शनिवारी फुटबॉलची फायनल. डंकन त्याच्या जिलाँग संघाचा मफलर गळ्यात अडकवूनच सोल्डर करतो. एक दिवस पेटेल.

बुधवार, ११ ऑक्टोबर

वाईमेत माणूस गेला.

एली नाव, कोळी, माझ्या वयाचा. रविवारी प्रार्थनेहून येताना छातीत कळ आली. ओदिलने तारा लावल्या, डबा लावला, गप्प. पुन्हा लावला, गप्प. मग तिने डॉक्टरला तोंडी सांगितलं, तर तो म्हणाला, आलेख बघितल्याशिवाय मी विमान कसं मागवू, पुन्हा लावा. तिने पुन्हा लावला. शेवटी वस्तीतल्या लोकांनी एलीला ट्रकमध्ये घातलं आणि घाट उतरायच्या आत तो गेला.

आरोग्य खात्याच्या माणसाने हे मला फोनवर सांगितलं, हवामान सांगावं तसं. म्हणाला, चौकशी बसली आहे, नर्सच्या हातून काय चुकलं ते ठरवायचं आहे, तुम्ही तुमच्या पत्रावर ठाम आहात ना? मी म्हटलं, अक्षरन् अक्षर.

मला वाईट वाटलं. वाटलंच. पण त्याहून जास्त राग आला. त्या डॉक्टरचा आधी, ज्याला कागद बघितल्याशिवाय माणूस मरताना दिसत नाही. मग त्या बाईचा. आणि कोणी मेलं की पहिलं बोट यंत्राकडे दाखवणाऱ्या सगळ्यांचा. रात्रीच्या जेवणाला चॉप आणले होते, तसेच फ्रिजमध्ये ठेवले.

शुक्रवार, २० ऑक्टोबर

हे नीट लिहून ठेवते.

सकाळी ओदिलचा फोन आला. मी तयारीतच होते, म्हटलं आता ही भांडणार.

"मादाम, मी भांडायला फोन केलेला नाही," ती म्हणाली. "मला फक्त एवढं सांगा, माझं कुठलं बटण चुकलं?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"मला वाईमेहून काढलं. आता मी न्यूमेआत गोदामात आहे, बँडेजचे गठ्ठे लावते. माझ्या जागी एक नवी मुलगी जाणार आहे. हे दाबू नकोस, असं तिला सांगायचं तर मला आधी कळायला हवं ना. तुमच्या पत्रात लिहिलंय की हाताळणी चुकली. कुठली, ते लिहिलेलं नाही."

 वेळ काढायचा म्हणून मी तिला म्हटलं, काय काय केलंत ते पहिल्यापासून सांगा.

"तारा लावल्या. फोन लागला. शिट्ट्या झाल्या. मी डब्याकडे बघत नव्हते, एलीकडे बघत होते. त्याच्याकडे बघवेना म्हणून भिंतीकडे बघायला लागले. मीटर पडलं, म्हणजे एक आकडा पुढे गेलं, आणि डबा गप्प झाला. मी पुन्हा लावला. मीटर पडलं, डबा गप्प. मग पुन्हा."

"मीटर पडलं की गप्प?"

"हो."

"दर वेळी?"

"दर वेळी. ते महत्त्वाचं आहे का, मादाम?"

मी म्हटलं, बघून सांगते. बघायचं काही राहिलं नव्हतं. फोन ठेवला तेव्हा माझी बोटं इतकी गार झाली होती की मी ती चहाच्या किटलीला लावली.

डंकनच्या टेबलावर त्याच खेपेतला एक डबा दुरुस्तीला आला होता. मी तो उघडायला लावला. तारेच्या तोंडाशी फिल्टरच्या जागी चार रिकामी भोकं.

"हा कुठे गेला?"

डंकन माझ्याकडे बघत राहिला. फायनल हरल्यापासून त्याचं तोंड तसंही बघवत नाही. "ग्वेन, तू ऑगस्टपासून झोपली होतीस काय? ग्रॅहमने केव्हाच काढायला लावला. तुला विचारून काढतोय म्हणाला."

"मला त्याने हॉटेलांबद्दल विचारलं होतं."

"मग?"

"मग काय. दवाखाना हॉटेल आहे का?"

"ते तू मला का विचारतेस?" असं म्हणून त्याने स्क्रू पुन्हा पिळायला घेतले.

सोमवार, २३ ऑक्टोबर

शनिवार-रविवार मी बागेतलं सगळं गवत उपटलं, नको होतं तेही आणि हवं होतं तेही.

आज ग्रॅहमच्या खोलीत गेले. तो खिमा भरलेली पेस्ट्री खात बसला होता, सॉसची बाटली दाबून दाबून. मी रिकाम्या भोकांचा बोर्ड त्याच्यासमोर टाकला.

"ओरडू नको," तो म्हणाला. मी अजून तोंडही उघडलं नव्हतं. "डंकनने सांगितलं मला. काढला, हो. तूच म्हणालीस नको."

"मी हॉटेलांचं म्हणाले."

"तू म्हणालीस, दवाखान्यात कोण कशाला मागेल. माझ्या कानांना काही झालेलं नाही."

"मी कामात होते. आणि मालक तू आहेस. बोर्डात काय ठेवायचं ते तू ठरवतोस."

"बरं, मी ठरवलं." त्याने ओठ पुसले, हाताच्या पाठीने. "हे बघ, मी त्यावर विचार केलाय. तारेत खोचायचे छोटे फिल्टर बनवतो, प्रत्येक दवाखान्याला एक. मोफत सुधारणा म्हणून पाठवतो. सूर अडेल, डबे चालतील, कोणी मरणार नाही. बोभाटा कशाला?"

"आणि ती नर्स?"

"तिला घरी बसवलंय का? नोकरी चालू आहे ना?"

"तिच्या नावावर एक माणूस घातलाय, ग्रॅहम."

"कोणाच्या तरी नावावर तो जाणारच. तुझ्या जाऊ दे का माझ्या?" मग तो आवाज खाली आणून बोलायला लागला, आणि त्याचा हा आवाज मला सगळ्यात जास्त किळसवाणा वाटतो. "आपण खोटे डबे पाठवले असं कबूल केलं की न्यूमेआ लेबल काढून घेणार. मग सिंगापूर विचारणार, न्यूझीलंड विचारणार. मान्यता गेली की आपल्याकडे उरलं काय, रिकामे डबे. पंधरा माणसं घरी. लेनची कंपनी आहे ही."

लेनचं नाव तो असंच काढतो, खिशातून पेन काढावं तसं. मी उठून आले. जिन्यात मला कोरडी उलटी झाली. एका प्रौढ माणसाने खाताना तोंड मिटू नये, याहून घाणेरडं काही नाही.

सोमवार, ३० ऑक्टोबर

फिल्टर बनताहेत. बायका गप्पा मारत कॉइल गुंडाळतात, त्यांना माहीत नाही कशासाठी. ग्रॅहमने सगळ्यांना लॅमिंग्टन केक आणले. मी नको म्हटलं. नारळाचा तो भुगा सगळ्यांच्या ओठांना चिकटलेला.

मी १ सप्टेंबरला सही केली ती विश्वासाने केली. मान्यतेच्या बाईने प्रत्येक डबा उघडून बघावा अशी कोणाची अपेक्षा नसते. हे मी स्वतःला गाडीत मोठ्याने सांगितलं. सिग्नलला शेजारच्या गाडीतला माणूस बघत होता.

ओदिलला मी अजून फोन केलेला नाही. बघून सांगते म्हटलं होतं. ती बिचारी वाट बघत असेल, किंवा नसेल, मोठ्या देशांतल्या बायका सांगते म्हणतात आणि सांगत नाहीत याची तिला सवय असेल. हे लिहितानाही मला कसंतरी होतंय.

मंगळवार, ७ नोव्हेंबर

कप डे, घोड्यांच्या मोठ्या शर्यतीची सुट्टी. सगळं मेलबर्न टोपी घालून घोड्यांकडे गेलेलं. मी किल्लीने शेड उघडून आत गेले. सुट्टी आमच्याकडे, न्यूमेआत कचेऱ्या चालू. शेजारच्या पत्र्याच्या कारखान्याचा राखणदार रेडिओ लावून बसला होता, रेसची बडबड भिंतीतून येत होती.

मस्यू ब्रिसोनोला फोन लावला.

"मादाम हार्ग्रेव्ह, आज तर तुमची घोड्यांची सुट्टी ना?"

"सुट्टीच आहे. म्हणून करतेय. वाईमेच्या डब्यात फिल्टर नव्हता."

तिकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "मी तो डबा इतका छळला, त्यात होता."

"तुम्ही छळलात तो वेगळा होता. नमुना एक आणि माल दुसरा. वाईमेच्या तारेवर तुमचा मोजणीचा सूर आहे, पाद्रीने मागून घेतलेला. तो दर वेळी डब्याला पाडत होता. त्या नर्सचं काहीही चुकलं नाही. कोणीही नर्स असती तरी हेच झालं असतं."

"हे तुम्ही लिहून द्याल?"

"टाईप करून ठेवलंय. आता फॅक्सने पाठवते."

"तुमच्या कंपनीचं काय होईल ते ठाऊक आहे ना?"

"मी मान्यतेची बाई आहे, मस्यू."

तो हसला नाही. म्हणाला, "हा बदल कोणाचा?"

"मालकाचा," मी म्हटलं. "खर्च कमी करायला."

"अर्थात. तुम्ही बाईमाणूस, तुम्हाला कॉइल काढली की ठेवली हे कसं समजणार? तुम्ही कागद बघणार."

एरवी असं म्हणणाऱ्याला मी असं झाडलं असतं की त्याने पुन्हा कोणत्या बाईसमोर फोनवर तोंड उघडलं नसतं. आज गप्प बसले. फॅक्स गेला. कागद एवढा हळू आत सरकत होता की मी तो मधेच ओढून घेऊ शकले असते. भिंतीपलीकडे कोणता तरी घोडा जिंकला आणि राखणदार शिव्या देत होता.

शुक्रवार, १० नोव्हेंबर

न्यूमेआने लेबल काढून घेतलं. सिंगापूरने काल विचारणा केली, आज थांबवलं. या लोकांना एका सहीच्या शाईसाठी सहा आठवडे लागतात, पण हे बघा कसं झटपट जमलं.

ग्रॅहम माझ्याशी बोलत नाही. मी खोलीत गेले की तो बाहेर जाऊन गाडीला टेकून उभा राहतो. आज एकदाच तोंड उघडलं. "फॅक्समध्ये माझं नाव आहे," म्हणाला, "तुझं कुठे आहे?"

"खाली सही माझी आहे."

"हो, सही," तो म्हणाला, आणि परत बाहेर गेला. किती कोतं मन असावं माणसाचं. एक माणूस मेलाय आणि याला नावांचा हिशेब हवा.

कॉइल गुंडाळणाऱ्या बायकांना नाताळाच्या आधीच घरी जायला सांगितलं आहे. कोणी माझ्यावर चिडलं नाही, हे जास्त वाईट. डंकन आला, म्हणाला, बरं केलंस, ग्वेन. मग म्हणाला, माझा नोकरीचा अर्ज टाईप करून देशील का? तुझं टायपिंग नीटनेटकं असतं. दिला करून.

मंगळवार, २१ नोव्हेंबर

ओदिलचा फोन आला. वाईमेहून.

"मला परत पाठवलं, मादाम. मस्यू ब्रिसोनो स्वतः आरोग्य खात्यात गेले. साहेबांनी माफी मागितली, म्हणजे मागितल्यासारखं केलं. एक विचारू? ती कॉइल केवढी असते?"

"वाटाण्याएवढी."

तिने ते मागे वळून कोणाला तरी तिच्या भाषेत सांगितलं. तिकडे माणसं असावीत, पण कालवा नव्हता.

"मी रोज प्रार्थनेत चूक कबूल करायचे," ती म्हणाली. "कुठली ते माहीत नव्हतं, म्हणून नुसतं बटण म्हणायचे. देवा, माझ्याकडून बटण चुकलं. एलीच्या बायकोसमोर पण तेच म्हटलं होतं. तिने मला माफ केलं होतं, मादाम, मी माफी मागितली नसताना."

मी म्हटलं, मला फार वाईट वाटतं. हे वाक्य माझ्या तोंडात इतकं गुळगुळीत झालंय, आरोग्य खात्यालाही मी हेच म्हटलं होतं.

"ती इथेच बसली आहे. एलीची बायको. तिला तुम्हाला एक विचारायचंय. ते काढा, त्याची गरज नाही, असं म्हणालं कोण?"

तारेवर कोणाचा तरी श्वास ऐकू येत होता, ओदिलचा की तिचा ते समजेना. मी टेबलावरच्या फायलींकडे बघत होते. त्या सगळ्या आता कोणाच्याच कामाच्या नाहीत.

"आमचा मालक," मी म्हटलं.

ओदिलने सांगितलं. ती बाई बराच वेळ बोलली. आवाज जाडाभरडा होता, चिडलेला नव्हता. मी अर्धवट उठून उभी राहिले होते, कशाला ते माहीत नाही. 

"ती म्हणते, मालकाचं अन्न खाऊन मालकाविरुद्ध बोलायला धीर लागतो. तिच्या भावाला तो कधी झाला नाही. रविवारी चर्चमध्ये एलीसाठी प्रार्थना आहे, त्याच्या नावानंतर ती तुमचं नाव घेणार आहे. तिला तुमचं पूर्ण नाव हवंय. आम्ही इथे अर्धं नाव घेत नाही."

नको म्हणायला मी तोंड उघडलं. नको म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं.

"ग्वेनिथ," मी म्हटलं. "ग्वेनिथ हार्ग्रेव्ह."

फोन त्या बाईच्या हातात गेला. तिने नाव म्हणून पाहिलं. तिच्या जिभेला ते जड गेलं, मधेच अडखळलं. तिने मला पुन्हा सांगायला लावलं. मी सावकाश, तोडून तोडून सांगितलं. मग तिला ते नीट म्हणता आलं.